बांधावरचा माणूस नकाशावर हवा
शेतकऱ्यांच्या मुलामुलींसाठी भूगोल व भू-अवकाशीय तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण

(वढू बुद्रुक, ता. शिरूर, जि. पुणे येथे शेतकरी व पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीने पावन झालेल्या या गावात बोलायला उभे राहताना शब्द जपून वापरावेसे वाटतात. मी कृषिविद्या विषयाचा अध्यापक. पिकांच्या जाती, खतांच्या मात्रा, पाण्याच्या पाळ्या हे माझे नेहमीचे विषय. आज मात्र मला वेगळ्या विषयावर बोलायचे आहे आणि त्याला कारणही तसेच घडले आहे.

सभेआधी चहा घेताना एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, मुलगी बी. एस्सी. झाली. पुढे पुण्याला भूगोल आणि उपग्रहाचं काहीतरी शिकायचं म्हणते. खर्च बराच आहे. रस्त्याकडेचे दोन गुंठे विकू का? आणि भूगोल शिकून नोकरी लागते का?" हे गृहस्थ आता तुमच्यातच बसले आहेत. त्यांचे नाव मी घेणार नाही. पण त्यांचे दोन्ही प्रश्न खरे आहेत. त्यांची उत्तरे देण्याचा मी प्रयत्न करतो.

चुकलेली मोजणी आणि सुधारलेली मोजणी

भूगोल म्हटले की आपल्याला शाळेतील नद्या आणि राजधान्या आठवतात. परंतु शेतकऱ्याचा खरा भूगोल सातबाऱ्यावर आणि गटाच्या नकाशावर असतो. त्याची एक जुनी गोष्ट आपल्याच पुणे जिल्ह्यातील आहे.

पेशवाई गेल्यानंतर इंग्रजांनी आपल्या भागाची पहिली मोठी मोजणी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याकडून करवून घेतली. हा काळ 1830 च्या आगेमागेचा. प्रिंगल साहेब विद्वान होते. प्रत्येक जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसवायचा, असा त्यांचा हिशेब होता. पण मोजणीत चुका राहिल्या, हाताखालच्या माणसांनी लबाड्या केल्या आणि उत्पन्नाचे अंदाज जास्त धरले गेले. सारा डोईजड झाला. जमिनी पडीक पडल्या, माणसे गाव सोडून गेली.

मग 1835-36 मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी मोजणी नव्याने सुरू केली. निव्वळ उत्पन्नाचा नाद त्यांनी सोडला. जमिनीचा रंग आणि खोली पाहायची, चुनखडी, वाळूचे प्रमाण, उतार, पाण्याचे उपळणे असे दोष वजा करायचे आणि आण्यांमध्ये प्रत ठरवायची, अशी पद्धत त्यातून घडत गेली. पुढे 1847 च्या अहवालात जमिनीच्या नऊ प्रती कायम झाल्या. तेहतीस फुटांची साखळी आणि तिचे सोळा आणे हे माप तुमच्या आजोबांना तोंडपाठ होते. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, हे आपण आजही विसरलेलो नाही.

या गोष्टीतून घ्यायचा बोध एवढाच की, नकाशा चुकला तर त्याची शिक्षा शेतकऱ्याला भोगावी लागते. म्हणून नकाशा करणाऱ्याला शेत कळले पाहिजे.

साखळीच्या जागी आलेली साधने

आज साखळी गेली आणि उपग्रह आला. भारताचा नियमित सेवा देणारा पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-1ए हा 17 मार्च 1988 रोजी अवकाशात गेला. त्याच वर्षी नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र सुरू झाले. उपग्रह जमिनीचे चित्र लहान लहान चौकटींमध्ये घेतो. ही चौकट किती मोठी, हे आपण गुंठ्यांच्या भाषेत पाहू.

* आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहावरील लिस-3 कॅमेऱ्याची चौकट साडेतेवीस मीटरची आहे. म्हणजे एका चौकटीत सुमारे साडेपाच गुंठे येतात.
* त्याच उपग्रहावरील लिस-4 कॅमेऱ्याची चौकट 5.8 मीटरची. एका गुंठ्यात अशा तीन चौकटी बसतात.
* युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहाची चौकट दहा मीटरची. दहा मीटर म्हणजे जवळपास तेहतीस फूट. आपला गुंठा आणि त्याची चौकट जवळजवळ एकच! या जोडीतील उपग्रह साधारण पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातात आणि त्यांची चित्रे फुकट मिळतात.

निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. या दोहोंच्या फरकावरून पिकाच्या हिरवेपणाचा निर्देशांक काढतात. ऊस कुठे जोमात आहे आणि कुठे मार खातो आहे, हे त्यावरून दिसते. पावसाळ्यात ढग आले की हे कॅमेरे आंधळे होतात. तेव्हा रडारचे उपग्रह कामाला येतात. भारत आणि अमेरिका यांनी मिळून तयार केलेला निसार हा रडार उपग्रह 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला.

दुसरे साधन म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली. ट्रेसिंग कागदाचे अनेक पदर एकमेकांवर ठेवल्याची कल्पना करा. एका कागदावर गटाच्या हद्दी, दुसऱ्यावर जमिनीची खोली, तिसऱ्यावर उतार, चौथ्यावर विहिरी, पाचव्यावर ओढे. हे सारे संगणकात एकावर एक ठेवले की शेततळे कोठे घ्यावे, पाझराचा बंधारा कोठे टिकेल, याचा विचार नेमका करता येतो.

तिसरे साधन म्हणजे उपग्रहावरून स्थान सांगणारे यंत्र. येथे एक सावधगिरीची सूचना देतो. तुमच्या खिशातील मोबाईल जागा दाखवताना पाच-दहा मीटर सहज चुकतो. म्हणजे त्याची चूक एका गुंठ्याच्या रुंदीएवढी होऊ शकते. तेव्हा मोबाईल दाखवून बांधाचे भांडण करू नका. भूमी अभिलेख खाते आता ज्या रोव्हर यंत्राने मोजणी करते, त्याला जमिनीवरील कायम केंद्रांकडून दुरुस्ती मिळते आणि त्याचे माप सेंटिमीटरपर्यंत नेमके असते.

उपग्रहाला न दिसलेली गोष्ट

आता माझीच एक चूक सांगतो. पदव्युत्तर शिक्षण घेत असताना एका कालव्याखालील गावात मी मातीचा नकाशा करत होतो. चित्रात एक पट्टा गडद दिसला. मी त्यावर 'खोल काळी जमीन' असे लिहून मोकळा झालो. पडताळणीसाठी गेलो तेव्हा एक आजोबा बांधावर बसले होते. त्यांनी माझा कागद पाहिला आणि हसून म्हणाले, "पोरा, ही काळी नव्हं, उपळट आहे. लव्हाळा बघ की किती माजलाय."

आजोबांचे खरे होते. ओली माती कोरड्या मातीपेक्षा गडद दिसते. पाणी पाझरून वर आले होते आणि त्या जमिनीचा चोपण होण्याकडे प्रवास सुरू झाला होता. मी त्या नकाशाच्या आधारे तेथे खोल काळ्या जमिनीची शिफारस केली असती, तर शेतकऱ्याने आणखी पाणी दिले असते आणि जमीन लवकर गेली असती. पुढे मातीचे नमुने तपासले तेव्हा सामू साडेआठच्या वर निघाला. चर काढून निचरा करणे हाच तेथील उपाय होता.

शास्त्रात याला प्रत्यक्ष पडताळणी म्हणतात. चित्र संशय दाखवते, खात्री मातीच देते. लव्हाळा ओळखणारी मुलगी संगणकासमोर बसली तर असा नकाशा चुकण्याचा संभव कमी होतो. शेतकऱ्यांच्या मुलांकडे हे भांडवल आधीच असते, ते विकत घ्यावे लागत नाही.

ही गोष्ट आता केवळ अभ्यासाची राहिलेली नाही. राज्यात 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. पीक विम्यामध्ये 2023 च्या खरिपापासून भात आणि गहू या पिकांच्या उत्पादनाचा अंदाज काढताना किमान 30 टक्के भार तंत्रज्ञानावर आधारित अंदाजाला देण्याचे केंद्राने ठरवले. गावठाणांची मोजणी ड्रोनने झाली. तुमचे पीक किती आले, तुमचे घर किती जागेवर आहे, हे आता अशा नकाशांवरून ठरू लागले आहे. प्रिंगल साहेबांची चूक पुन्हा होऊ द्यायची नसेल, तर ते काम करणाऱ्या खुर्च्यांवर बांधावरची मुले बसली पाहिजेत.

शिक्षण कोठे मिळते

पदवीनंतरचे हे शिक्षण साधारणपणे दोन वर्षांचे, चार सत्रांचे असते. त्यात भूरूपशास्त्र, हवामान, दूरसंवेदन, भौगोलिक माहिती प्रणाली, सांख्यिकी, संगणकाची आज्ञावली, क्षेत्रभेटी आणि शेवटी एक प्रकल्प असतो.

1. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागात भूगोल आणि भू-माहितीशास्त्र या दोन्ही विषयांत एम. एस्सी. करता येते. पुण्यातील काही जुन्या महाविद्यालयांतही भूगोलाचे पदव्युत्तर शिक्षण आहे.
2. सिंबायोसिसची भू-माहितीशास्त्र संस्था पुण्यातच आहे. ती खासगी असल्याने तेथील शुल्काची चौकशी आधी करावी.
3. मुंबईच्या आयआयटीमधील संसाधन अभियांत्रिकी अभ्यास केंद्र 1976 पासून आहे. तेथे एम. टेक. साठी गेट परीक्षा द्यावी लागते. 2022 पासून गेटमध्ये भूमापन अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आला आहे.
4. डेहराडूनची भारतीय दूरसंवेदन संस्था 1966 साली स्थापन झाली. ती आता इस्रोचा भाग आहे. तेथे एम. टेक. आहेच, शिवाय घरबसल्या करता येणारे विनाशुल्क लघु अभ्यासक्रमही ती चालवते.

केवळ भूगोलाच्या पदवीधरांनाच ही दारे उघडी आहेत असे नाही. विज्ञान, कृषी आणि अभियांत्रिकीच्या पदवीधरांनाही अनेक ठिकाणी प्रवेश मिळतो. प्रवेशाच्या अटी मात्र त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहाव्यात, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

प्रवेशापूर्वी विचारायचे चार प्रश्न

बियाणे घेताना आपण पिशवीवरची खूण पाहतो. महाविद्यालय निवडताना पुढील प्रश्न विचारावेत.

1. क्षेत्रभेटी किती दिवसांच्या? नुसती बटणे दाबायला शिकवणारा अभ्यासक्रम घेऊ नका.
2. क्यूजीआयएससारखी फुकट मिळणारी संगणक प्रणाली शिकवतात का? महागडी प्रणाली घरी वापरता येत नाही.
3. आज्ञावली लिहायला शिकवतात का? ती येणाऱ्याला काम लवकर मिळते.
4. मागील तीन वर्षांचे विद्यार्थी आज कोठे आहेत? उत्तर नीट मिळाले नाही, तर पुढे जाऊ नका.

नोकरी लागते का?

आता खरे बोलतो. ही पदवी हातात पडली की नोकरी दारात उभी राहते, असे नाही. सुरुवातीला पुष्कळांच्या वाट्याला नकाशावरच्या रेघा गिरवण्याचे काम येते आणि त्याचा पगार बेताचा असतो. सरकारी प्रकल्पांतील बऱ्याच जागा कंत्राटी असतात. मात्र जो पृथक्करण करू शकतो, शेतात जाऊन पडताळू शकतो आणि मराठीत शेतकऱ्याला समजावू शकतो, त्याला पाणलोट विकास, भूजल, नगररचना, पीक विमा आणि मोजणीची कामे करणाऱ्या संस्थांमध्ये वाव आहे. नेट किंवा सेट उत्तीर्ण झाल्यास अध्यापनाचा मार्ग आहे. केंद्रीय लोकसेवा परीक्षेत भूगोल हा ऐच्छिक विषयही आहे.

आपल्या तालुक्यालाही अशा माणसांची गरज आहे. भीमेच्या काठी ऊस, चासकमानच्या कालव्याखालचा भाग, आणि केंदूर-पाबळकडे पाण्यासाठी वणवण, हे सारे एकाच शिरूर तालुक्यात. बोअर घेताना आजही नारळ हातावर ठेवला जातो. आपल्या खडकाचे थर एकावर एक आहेत. पाणी मांजऱ्या खडकात आणि भेगांत मिळते, घट्ट कातळात मिळत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. ती आकडेवारी वाचून गावाला सांगणारा एक जाणकार गावात असेल, तर किती कोरडी बोअर वाचतील, याचा विचार करा. पाबळला डॉ. कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो हाताने काम करत शिकण्यासाठीच. हे शिक्षणही तसेच, पायाने चालत शिकण्याचे आहे.

शेवटी त्या दोन गुंठ्यांविषयी

त्या गृहस्थांना माझे उत्तर असे. मुलीला पाठवा. जमीन मात्र विकू नका. प्रथम सरकारी विद्यापीठात अर्ज करा. महाडीबीटी संकेतस्थळावर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या योजनांच्या अटी पाहा. अल्पभूधारक दाखला आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, प्रवेशाच्या गर्दीत ते मिळत नाहीत. तोपर्यंत मुलीला डेहराडूनचा एखादा विनाशुल्क अभ्यासक्रम करू द्या. विषयाची गोडी खरी आहे की मैत्रिणीचे पाहून आहे, हे तिचे तिलाच कळेल.

आणि तिला पहिला प्रकल्प घरचाच द्या. आपल्याच गटाचा नकाशा करायला सांगा. उतार, विहीर, बांधावरची झाडे, पाणी साचते ती जागा. तिने संगणकावर केलेला नकाशा तुम्ही बांधावर उभे राहून तपासा. चूक सापडली तर रागावू नका, लव्हाळा दाखवा. मला त्या आजोबांनी दाखवला होता.



जय जवान, जय किसान!