संधी येण्याआधीची तयारी

(जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात ग्रामस्थांसमोर केलेले भाषण)



ग्रामदैवताच्या कृपेने आणि आपणां सर्वांच्या हातभाराने आज देवळावर कळस चढला. अशा मंगल प्रसंगी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, याबद्दल समितीचे आभार मानतो. मी कीर्तनकार नाही, प्राध्यापकही नाही. एस.एस.सी.पर्यंत शिकलेला, तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करणारा माणूस आहे. देवधर्मावर बोलणारे अधिकारी पुरुष येथे बसलेले असताना मी त्या वाटेला जाणे बरे नव्हे. माझ्या टेबलावरून जे रोज दिसते तेवढेच सांगतो.

आपण म्हणतो, नशिबात असेल तर मिळेल. असेलही. परंतु आपल्यात दुसरीही एक म्हण आहे : दैव देते आणि कर्म नेते. कचेरीत बसून मला या म्हणीचा अर्थ चांगला उमगला. संधी येते ती शेवटची तारीख बरोबर घेऊन येते. अर्जाची तारीख असते, प्रवेशाची असते, भरतीची असते, विम्याची असते. तयारीला मात्र तारीख नसते. ती कधीही करता येते, आणि म्हणूनच ती राहून जाते.

दरवर्षी जून महिना उजाडला की आमच्या कचेरीत पाय ठेवायला जागा नसते. बारावीचा निकाल लागलेला असतो. मुलाने गुण चांगले मिळवलेले असतात, घरात पेढे वाटून झालेले असतात, आणि मग बाप धावत येतो. उत्पन्नाचा दाखला पाहिजे, नॉन-क्रिमीलेअर पाहिजे, जातीचा दाखला पाहिजे आणि त्याची पडताळणीही पाहिजे. चार दिवसांत पाहिजे! जातीच्या दाखल्याला जुना पुरावा लागतो. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा. म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला काढावा लागतो, नाहीतर जुन्या कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद शोधावी लागते. ती नोंद मोडीत असली तर वाचणारा माणूस शोधावा लागतो. हे काम चार दिवसांचे नव्हे. पण मुलगा आठवीत असतानाच हाती घेतले तर मुळीच अवघड नाही.

दुसरी गोष्ट नावाची. शाळेत एक नाव, आधार कार्डावर दुसरे, शिधापत्रिकेवर तिसरे. कोठे वडिलांच्या नावापुढे 'राव' आहे, कोठे नाही. कोठे आडनाव जुने, कोठे गावाच्या नावावरून पडलेले. घरात याचे कोणाला काही वाटत नाही. परंतु तपासणाऱ्यापुढे कागद ठेवला की ही तीन नावे म्हणजे तीन माणसे होतात. मूल शाळेत आहे तोवर नावाची आणि जन्मतारखेची दुरुस्ती मुख्याध्यापकांमार्फत बरीच सोपी असते. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर तेच काम किचकट होते. पालकांनी एक दिवस काढून सर्व कागद एकाशेजारी एक मांडून पाहावेत, एवढीच माझी विनंती आहे.

आता जमिनीचे बघू. घरातील कर्ता पुरुष गेला, दिवसकार्य झाले, सर्वजण रडून आपापल्या कामाला लागले. सात-बारावर नाव मात्र त्याचेच राहते. दहा वर्षे राहते, कधी दोन पिढ्या राहते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्या १४९ व्या कलमाप्रमाणे वारसाने ३ महिन्यांच्या आत गावच्या तलाठ्याला (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) कळवावयाचे असते. नंतर संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात, आणि मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. वेळेवर केले तर यात अवघड काही नाही. उशीर झाला की एक भाऊ सुरतेला असतो, एक बहीण सासरी असते, एखादा वारसच वारलेला असतो आणि त्याचे चार वारस नव्याने उभे राहतात.

याचा फटका कसा बसतो ते २०१९ साली दिसले. केंद्र सरकारची प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजना आली. वर्षाला ६००० रुपये, तीन हप्त्यांत. नियम असा की १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमिनीच्या दप्तरात ज्याचे नाव आहे तो पात्र. जो मुलगा वीस वर्षे तीच जमीन कसत होता, पण वारस नोंद केली नव्हती, त्याला नोंद होईपर्यंत थांबावे लागले. शेजारच्या बांधावरील माणसाच्या खात्यात हप्ता जमा झाला. दोघांची जमीन सारखी, कष्ट सारखे. फरक एका नोंदीचा.

२०२४ च्या जूनअखेरीस मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर झाली तेव्हाही असेच झाले. पहिल्या काही दिवसांत तहसील कचेऱ्यांवर दाखल्यांसाठी झुंबड उडाली. पुढे सरकारने अटी सैल केल्या, मुदत वाढवली, पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असेल तर उत्पन्नाचा दाखला नको असे ठरले. तरी पैसे जमा व्हायचे ते आधार जोडलेल्या बँक खात्यातच. ज्या भगिनींनी आपले खाते आधीच उघडून आधारला जोडले होते त्या निश्चिंत होत्या. बाकीच्यांना भर पावसात, कडेवर मूल घेऊन, बँकेच्या दारात उभे राहावे लागले. मुदत दरवेळी वाढेलच असे नाही.

मंडळी, मी फक्त कागदांचेच गुणगान करतो असे समजू नका. शेतकऱ्याला तयारी शिकवणारा मी कोण? मृगाचा पाऊस कोणाची वाट पाहत नाही हे आपल्याला माझ्याहून जास्त कळते. ज्याची नांगरट उन्हाळ्यात झाली, ज्याची पाभर दुरुस्त होऊन गोठ्यात उभी आहे, त्यालाच वाफशाचे चार दिवस साधतात. घरचे सोयाबीन पेरायचे तर आधी १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. ७० किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणे चांगले. या परीक्षेला पैसा लागत नाही, आठवडाभर धीर मात्र लागतो. जो ती करत नाही त्याला दुबार पेरणी करावी लागते, आणि गेलेला पाऊस परत येत नाही.

तरुण मुलांना एकच उदाहरण देतो. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. लाल मातीत घुमलेला हा पैलवान तेथे गादीवर, परक्या नियमांनी लढला आणि सहावा आला. पुष्कळांना तेवढ्यावरच समाधान वाटले असते. त्यांनी पुढची चार वर्षे मेहनत केली. १९५२ साली हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

यात दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. वर्गणी काढणाऱ्या लोकांनी पैसे दिले, पण चार वर्षांचा व्यायाम त्यांना देता आला नसता. तो खाशाबांनी आपल्या अंगाने केला. दुसरी गोष्ट अशी सांगतात की, तेथे एका मोठ्या कुस्तीनंतर विश्रांती न देता त्यांना लगेच पुढची कुस्ती लढावी लागली. नियमाने अर्धा तास मिळायला हवा होता, परंतु त्यांच्या बाजूने नियम सांगायला आपला कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता. अंगात बळ असले तरी नियम जाणणारा माणूस पाठीशी लागतो, तो असा. पोलीस भरतीला पोरांना १६०० मीटर आणि पोरींना ८०० मीटर धावावे लागते. जाहिरात निघाल्यावर सुरू केलेले धावणे छातीत दम भरण्यापूर्वीच संपते. रोज पहाटे देवळाच्या माळावर धावणाऱ्याला जाहिरात कधी निघाली तरी सारखीच.

येथे कोणी म्हणेल, इतकी तयारी करूनही संधी आली नाही तर? खरे आहे. जागा थोड्या आणि उमेदवार हजारो असतात. सर्व दाखले असूनही नोकरी न मिळालेली गुणी मुले मी पाहिली आहेत, त्यांना दोष देण्याचे पाप मी करणार नाही. तयारी केली म्हणजे फळ मिळतेच असे नाही. पण धावून कमावलेला दम, नीट लावलेले दप्तर, वेळेवर उठण्याची सवय ही वाया जात नाहीत. एका कामाला नाही तर दुसऱ्याला उपयोगी पडतात. आणि हुकले तरी 'आपल्याच आळसाने हुकले' हे शल्य मनाला राहत नाही.

हे देऊळच पाहा ना. देणगी देणारे हात पुष्कळ असतात, पण पावती पुस्तक तयार नसेल, मागील जमाखर्च स्वच्छ नसेल, तर देणाऱ्याचा हात आखडतो. आपल्या समितीने पै-पैचा हिशेब वहीत मांडला म्हणून देणगीदारांनी विश्वासाने दिले, आणि दगड घडवणारे कारागीर आले त्या दिवशी त्यांना बसून राहावे लागले नाही. गावाला हे एकदा जमले आहे, तेव्हा घरोघरीही जमेल.

म्हणून ग्रामस्थांपुढे एक सूचना ठेवतो. दर चैत्रात आपली यात्रा भरते. मुंबईकर येतात, लेकी माहेरी येतात, सगळे भाऊबंद एका पंगतीला बसतात. वारस नोंदीला लागणारी सर्व माणसे वर्षातून एकदाच अशी एकत्र असतात. तेव्हा यात्रेच्या दुसऱ्या दिवशी या नव्या सभामंडपात 'कागदाचा दिवस' ठेवावा. प्रत्येक घराने आपली पेटी घेऊन यावे. वारस नोंद राहिली असेल तर अर्ज तेथेच लिहावा, त्यात बहिणींची नावे वगळू नयेत; त्या वारस आहेत, आणि नाव लपवलेली नोंद पुढे भांडणच उभे करते. नवी सून आली असेल तर तिचे नाव शिधापत्रिकेत चढवावे. शाळेतील मुलांची नावे ताडून पाहावीत. एप्रिलमध्ये नवे आर्थिक वर्ष लागते, उत्पन्नाचा दाखला तेव्हाच मागावा, म्हणजे जूनची झुंबड टळेल. वाचून दाखवायला आणि अर्ज लिहून द्यायला मी स्वतः सकाळपासून बसेन. मोबदल्याची गोष्ट कोणी काढू नये. देवळाला मोठी देणगी देण्याची माझी ऐपत नाही, ही माझी देणगी समजावी.

देवापुढे आपण हात जोडतो ते योग्यच आहे. जोडलेल्या त्या हातांत आपल्या मुलांचे कागदही नीट असावेत, एवढे मागणे मागतो.

माझे बोलणे लांबले, वडीलधाऱ्यांनी सांभाळून घ्यावे. महाप्रसादाची वेळ झाली आहे, तेव्हा येथेच थांबतो.

जय हिंद. जय महाराष्ट्र.