प्रवासाचा शेवटचा दिवस

सुटींतील प्रवासाचा पहिला दिवस उत्साहाचा असतो, मधले दिवस पायपिटीचे असतात. परंतु साऱ्या प्रवासाची खरी परीक्षा होते ती शेवटच्या दिवशीं. गाडी रात्रीची असते, खोली दुपारीं सोडावयाची असते, आणि राहून गेलेल्या गोष्टींची यादी सकाळपासून वाढतच जाते. कुटुंबांतील प्रत्येकाला त्या आठदहा तासांवर आपला हक्क सांगावयाचा असतो. हे तास कोणाच्या वांट्यास जावे, हा प्रश्न दिसावयास लहान आहे; पण घराचें घरपण त्यावरून ओळखतां येतें.

दिवाळीच्या सुटींत नागपूरला आलेल्या एका मुंबईकर कुटुंबाचें उदाहरण घ्यावें. आईबाप, बारा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी आणि पंचाहत्तरी ओलांडलेली आजी, अशीं पांच माणसें. पहिल्या तीन दिवसांत त्यांचें पुष्कळच पाहून झालें होतें. १८६३ सालीं स्थापन झालेलें आणि लोकांच्या तोंडीं ‘अजब बंगला’ याच नांवानें वावरणारें संग्रहालय झालें. भोसल्यांच्या वेळची महाराजबाग झाली. फुटाळा तलावावरची संध्याकाळ झाली. चार घोड्यांच्या शून्य मैलाच्या स्तंभापाशीं छायाचित्रें निघालीं. एक अख्खा दिवस रामटेकच्या गडाला गेला. मेघदूतांतील रामगिरि तो हाच, असें परंपरा मानते. मुलांच्या लक्षांत मात्र राहिलीं तीं गडावरचीं वानरें.

चौथ्या दिवशीं सकाळीं चहाबरोबर यादी झाली. वडिलांना कचेरींतील मंडळींसाठीं संत्रा-बर्फी न्यावयाची होती. आईला सीताबर्डीच्या बाजारांत कोशाची साडी पाहावयाची होती. मुलीला २०१९ पासून धांवूं लागलेल्या मेट्रोंत बसावयाचें होतें. मुलाला मॉल पाहावयाचा होता. जमशेटजी टाटांनीं १८७७ सालीं सुरू केलेल्या एंप्रेस मिलच्या जागेवर तो उभा आहे, हें त्याला कोणी तरी सांगितलें होतें. यादी पुरी झाल्यावर आजीनें बशी खालीं ठेविली व हलकेच म्हटलें, “मला एकदां दीक्षाभूमीवर न्या.”

“आई, परवां रस्त्यावरून दिसली होती कीं! पुढच्या खेपेस सावकाश जाऊं,” मुलगा म्हणाला.

“पुढच्या खेपेचा हिशेब तुम्हीं करा, बाळा. माझा हिशेब आजचाच आहे.”

यांत रागाचा लवलेश नव्हता. म्हणूनच कोणाला उत्तर सुचेना. मुलगा निष्ठुर होता असें नव्हे. सामान, गाडीची वेळ, आईचे दुखरे गुडघे, सारें त्याच्या डोळ्यांपुढें होतें. शिवाय आईला तेथें इतकें काय पाहावयाचें आहे, हें तिनें कधीं सांगितलेंच नव्हतें. त्यालाहि कधीं विचारावेंसें वाटलें नव्हतें. अखेरीस बारा वर्षांच्या नातवानें पेन्सिल उचलली आणि यादींतील आपली ओळ खोडली. “मॉल मुंबईलाहि आहेत,” तो म्हणाला. त्याच्या पाठोपाठ साडीची ओळहि गेली.

विजयादशमीची गर्दी ओसरली होती, त्यामुळें आवार मोकळें होतें. धोलपूरचा दगड आणि संगमरवर यांनीं घडविलेला तो भव्य स्तूप उभारण्यास १९७८ सालीं आरंभ झाला आणि १८ डिसेंबर २००१ रोजीं राष्ट्रपति के. आर. नारायणन् यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. मुलें त्या विशाल पोकळ घुमटाखालीं मान वर करून उभीं राहिलीं. आजीनें मात्र आंत फार वेळ काढला नाहीं. ती बाहेर येऊन बोधिवृक्षाच्या सावलींत बसली, कारण तिच्या आठवणींत स्तूप नव्हताच. तिच्या आठवणींत होतें तें उघडें मैदान.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजीं, अशोक विजयादशमीच्या दिवशीं, या मैदानावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं महास्थविर चंद्रमणि यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि नंतर जमलेल्या लाखों अनुयायांना स्वतः दीक्षा व बावीस प्रतिज्ञा दिल्या. नागपूरच कां निवडलें, याचा खुलासा त्यांनीं दुसऱ्या दिवशींच्या भाषणांत केला: बौद्ध धम्माचा प्रसार ज्या नाग लोकांनीं केला, त्यांची ही भूमि. त्यानंतर दोन महिने पुरे होण्यापूर्वींच, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचें निधन झालें. त्या मैदानावरील गर्दींत भंडाऱ्याकडील एका खेड्यांतून, कांहीं वाट पायीं व कांहीं बैलगाडीनें, आलेला एक शेतमजूर होता. त्याच्याबरोबर त्याची सात वर्षांची मुलगी होती. तीच ही आजी.

“तुला काय दिसलें, आजी?” नातीनें विचारलें.

“पाठी. पांढऱ्या सदऱ्यांच्या पाठीच पाठी. मग बाबांनीं खांद्यावर घेतलें, तेव्हां दूरवर मंडप दिसला.”

भाषणांतलें तिला कांहीं आठवत नव्हतें. आठवत होता तो खालून येणारा वडिलांचा आवाज. प्रतिज्ञेचें एकएक वाक्य ते मोठ्यानें म्हणत होते. गांवांत त्या माणसाचा आवाज चढलेला तिनें कधीं ऐकला नव्हता. तो चढवण्याची सोय नव्हती. परततांना वाटेंत ते एवढेंच म्हणाले कीं, आतां तुला शाळेंत घालतों. पुढच्या जूनमध्यें त्यांनीं तिचें नांव घातलें. सात इयत्ता झाल्या. लग्नानंतर मुंबईच्या चाळींत रात्रीं मुलांची उजळणी घेणारी तीच होती.

तिचा मुलगा शेजारीं उभा राहून ऐकत होता. आईनें आपली उजळणी घेतली, हें त्याला ठाऊक होतें. ती कोणाच्या खांद्यावरून सुरू झाली, हें त्यानें पन्नाशीच्या घरांत आल्यावर प्रथमच ऐकलें. त्यानें घड्याळाकडे पाहिलें नाहीं.

मेट्रोची एक फेरी कशीबशी साधली. बर्फी घाईंत घेतली. स्टेशनाबाहेर संत्रीं घेतांना आजीनें प्रत्येक फळ हातांत तोलून पाहिलें. साल सैल असली तरी चालेल, पण फळ हाताला जड लागलें पाहिजे, म्हणजे आंत रस असतो, हें तिनें सुनेला शिकविलें. गाडी सुटल्यावर नातीनें एक संत्रें सोललें, अर्ध्या फोडी आजीच्या हातावर ठेविल्या आणि म्हणाली, “आजी, पाठी दिसत होत्या तेथून पुन्हां सांग.”

सुटीच्या प्रवासाची आंखणी करणाऱ्या गृहस्थांनीं एवढें अवश्य करावें. निघण्यापूर्वींच घरांतील वडीलधाऱ्यांना विचारावें कीं, या गांवांत तुम्हांला काय पाहावयाचें आहे. आणि त्यांचें उत्तर यादींत सर्वांत वर लिहावें. कित्येकदां तीं माणसें शेवटच्या दिवसापर्यंत बोलत नाहींत.