समुद्राच्या तळाचा कान
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



परदेशातल्या मुला-नातवंडांशी आपण रोज फोनवर बोलतो. ते बोलणं उपग्रहावरून जातं असं पुष्कळांना वाटतं. खरं तर ते समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून जातं. केबलच्या पोटात केसासारखी बारीक काचेची तार असते आणि तिच्यातून प्रकाश धावतो.

काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात बारीकसारीक उणिवा राहतातच. लेझरचा झोत सोडला की अशा प्रत्येक जागेवरून थोडासा प्रकाश मागे फिरतो. तळ हादरला की तार किंचित ताणली जाते आणि परतणारा प्रकाश बदलतो. तो किती वेळाने परतला, यावरून हादरा कुठे बसला तेही कळतं. भौतिकशास्त्राच्या तासाला आपल्याला उणिवांचे मार्क कापले जात, इथे मात्र त्याच कामाला येतात!

मार्च २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे उपसागरातली एक संशोधन-केबल देखभालीसाठी बंद होती. बर्कलीच्या संशोधकांनी तिचा २० किलोमीटरचा भाग चार दिवस वापरला. जणू तळावर दहा हजार मापकं मांडली! नेमका तेव्हाच जमिनीवर गिलरॉयजवळ छोटा भूकंप झाला. त्याच्या लाटांवरून समुद्रतळातले, नकाशात नसलेले प्रस्तरभंग सापडले.

याचं महत्त्व एवढ्यासाठी, की पृथ्वीचा बहुतेक भाग पाण्याखाली आणि भूकंपमापकं मात्र जवळजवळ सगळी जमिनीवर. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरानच्या किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला, तेव्हा त्सुनामीच्या लाटा थेट मुंबईपर्यंत आल्या होत्या. अशा वेळी काही मिनिटं आधी कळलं तरी माणसं किनाऱ्यावरून हलवता येतात. आणि वर्सोव्याला तर कितीतरी केबल येऊन मिळतात.

मग अडलंय कुठे? या पद्धतीची नजर साधारण शंभरेक किलोमीटरपर्यंतच पोचते, हे एक. पण माझ्या मते त्याहून मोठा अडसर परवानगीचा आहे. भूकंप ऐकणारी तार वरून जाणारी जहाजंही ऐकते. कोणत्या देशाला ते सहज रुचेल?

मघाशी बाईंनी विचारलं, देवमासेही ऐकू येतात का? येतात. २०२० साली नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांजवळ १२० किलोमीटरच्या केबलवर त्यांची साद नोंदली गेली. तिचा आलेख माझ्या मोबाइलमध्ये आहे, बाई. जेवताना दाखवतो.