चर्चा करू म्हणता, तारीख बोला!

(जिल्हा बैठकीतील भाषण)



पेरणी झाली का असे विचारले तर आपण नक्षत्र सांगतो. मृगात केली, आर्द्रात केली. 'करू कधीतरी' म्हणणाऱ्याचे रान पडीक राहते. संसदेतल्या चर्चेचेही तसेच आहे, हे मणिपूरने दाखवले.

तुम्ही म्हणाल, मणिपूर कुठे आणि आपला जिल्हा कुठे! तिथेही भात पिकवणारी माणसेच आहेत. 3 मे 2023 रोजी मैतेई आणि कुकी-झो समाजांत हिंसाचार पेटला. डोंगराच्या पायथ्याच्या शेतात गोळी येते, म्हणून ऐन लावणीच्या दिवसांत अनेकांना चिखलात उतरता आले नाही. साठ हजारांच्या आसपास माणसे घरदार सोडून परागंदा झाली. संसदेचे पावसाळी अधिवेशन उघडले 20 जुलैला. आदल्याच दिवशी बायांची नग्न धिंड काढल्याची चित्रफीत देशाने पाहिली होती. घटना मात्र 4 मेची.

सरकार म्हणाले, आम्ही चर्चेला तयार. विरोधक म्हणाले, आम्हीही तयार. दोघेही तयार, आणि चर्चा नाही! गोम होती नियमाच्या आकड्यात. राज्यसभेत विरोधक 267 मागत होते, म्हणजे बाकीचे कामकाज बाजूला ठेवून आधी हा विषय घ्या. शिवाय पंतप्रधानांनी सभागृहात बोलावे, हा त्यांचा हट्ट. सरकार 176 देत होते: अडीच तासांची अल्पकालीन चर्चा, मतदान नाही. यात कोणी धुतल्या तांदळाचा नाही. 2012 साली किरकोळ व्यापारातल्या परकीय गुंतवणुकीवर भाजप लोकसभेत मतदानासह चर्चा मागत होता आणि काँग्रेसचे सरकार ती टाळत होते. खुर्ची बदलली की आवडता आकडा बदलतो.

शेवटी लोकसभेत अविश्वासाचा ठराव आणावा लागला. सरकार पडणार नाही हे आणणाऱ्यालाही ठाऊक होते. त्याला फक्त चर्चेचा दिवस हवा होता. 26 जुलैला ठराव दाखल करून घेतला गेला, चर्चा सुरू झाली 8 ऑगस्टला. मधले दिवस रिकामे गेले असे समजू नका. त्याच 26 जुलैला गदारोळात वनसंरक्षण कायद्यातली दुरुस्ती लोकसभेत मंजूर झाली. आंतरराष्ट्रीय सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आतल्या काही प्रकल्पांना वनमंजुरीतून सूट देणारी! मणिपूर म्यानमारच्या सीमेवर आहे. मणिपूरवर बोलायला वेळ नव्हता, मणिपूरच्या जंगलाला लागू होणारा कायदा करायला होता. 10 ऑगस्टला पंतप्रधान दोन तासांहून अधिक बोलले, मणिपूरचा विषय बऱ्याच उशिरा आला, तोवर विरोधक उठून गेले होते. आवाजी मतदानाने ठराव पडला. दुसऱ्या दिवशी अधिवेशन संपले.

पुढे 13 फेब्रुवारी 2025 रोजी तिथे राष्ट्रपती राजवट आली. तिला दोन महिन्यांत संसदेची मान्यता लागते. ती लोकसभेने कधी दिली? 3 एप्रिलच्या पहाटे दोनच्या सुमारास, वक्फ विधेयक उरकल्यावर, जेमतेम पाऊण तासात. आपण रात्री दोनला पाणी द्यायला उठतो ते वीज तेव्हाच येते म्हणून. संसदेत वेळ ठरवणारे तर तिथेच बसलेले असतात.

हे आपल्याला नवे नाही. तीन शेती कायदे बरे की वाईट, यावर या मांडवातही दोन मते आहेत. पण सप्टेंबर 2020 मध्ये राज्यसभेत मतमोजणी मागितली असता ती झाली नाही आणि आवाजी मतदानावर विधेयके मंजूर झाली. 29 नोव्हेंबर 2021 रोजी तेच कायदे चर्चेविना, काही मिनिटांत रद्द झाले. बाजूचा आणि विरोधातला, दोन्ही शेतकरी बाहेरच उभा राहिला.

म्हणून यंदाच्या निवेदनात 'चर्चा व्हावी' एवढेच लिहिलेले नाही. आपल्या खासदारांना तीन गोष्टी विचारल्या आहेत: कोणत्या तारखेला, कोणत्या नियमाखाली, आणि मतदान होणार की नाही. कामकाज सल्लागार समितीत तुमच्या पक्षाचा माणूस काय बोलला, हेही कळवा म्हटले आहे. कागद टेबलावर आहे. तालुकाप्रमुखांनी जेवणाआधी सह्या घ्याव्यात.