मागून येणाऱ्याचा संगणक



आपल्या वस्तीचे नाव नंदनवन. ते इंद्राच्या बागेचे नाव आहे, हे येथे सांगावयास नको. त्या बागेतला पारिजात श्रीकृष्णाने सत्यभामेच्या हट्टासाठी पृथ्वीवर आणला, तिच्या अंगणात लावला, आणि फुले मात्र पडू लागली शेजारी रुक्मिणीच्या अंगणात. ही कथा आपण लहानपणी हसत ऐकली. आज मात्र मला तिच्यात एक गंभीर गोष्ट दिसते. काही वस्तूंचा धर्मच असा असतो की, मूळ कोणाच्याही अंगणात असो, त्यांचे बरेवाईट दुसऱ्याच्या अंगणात जाऊन पडते. सार्वजनिक संगणक ही अशीच एक वस्तू आहे, आणि तो कसा वापरावा हा आजचा माझा विषय आहे.

विषय ऐकून काहींना वाटले असेल, की आता घरोघरी फोन झाले, हातोहाती यंत्रे आली. सार्वजनिक संगणकाची चर्चा कशाला? परंतु वाचनालयाच्या कोपऱ्यात, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, आपले सरकार सेवा केंद्रात आपण जरा डोकावून पाहा. ज्याच्या घरी एकच फोन आहे आणि तो वडील कामावर घेऊन जातात, अशी मुलगी तेथे बसलेली दिसेल. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ताटकळणारा शेतकरी दिसेल. ह्या माणसांच्या दृष्टीने तो संगणक ही चैन नव्हे, ते गावचे पाणी आहे.

पाणी म्हटले की सामायिक विहीर आठवते. विहिरीचे नियम कोणी छापले नव्हते. तरी पोहरा आत सोडून जाऊ नये, दोर गुंडाळून ठेवावा, काठावर भांडी घासू नयेत, हे सर्वांना ठाऊक असे. ह्या नियमांत एक माणूस गृहीत धरलेला असे, आणि तो म्हणजे मागून येणारा. पण त्याच विहिरींवर आपल्या समाजाने एक भयंकर नियमही चालविला होता. कोणी यावयाचेच नाही, हेही तेथे ठरलेले असे. रावबहादुर सीताराम केशव बोले ह्यांच्या ठरावाने १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करावे असे ठरले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरी ते पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी हजारोंसह त्या तळ्यावर जावे लागले. पुढे न्यायालयात झगडून १९३७ साली उच्च न्यायालयाचा निर्णय मिळवावा लागला. म्हणून सार्वजनिक वस्तूविषयी बोलताना माझा पहिला नियम स्वच्छतेचा नाही, तो प्रवेशाचा आहे. ज्याला यावयाचे आहे त्याला येता आले पाहिजे, आणि आल्यावर ओशाळे वाटता कामा नये. कागदावर खुले असणे आणि प्रत्यक्षात खुले असणे ह्यांत किती अंतर असते, ते महाडने आपल्याला दाखविले आहे.

आता संगणकाकडे वळू. संगणक हा जन्मापासूनच सामायिक आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हे प्रचंड यंत्र आले, तेव्हा त्यावर एकट्या संस्थेचा अधिकार नव्हता. अनेक ठिकाणचे संशोधक आपली गणिते घेऊन त्याच्याकडे येत आणि पाळीची वाट पाहत. त्याच्या थोडे आधी, १९६१ साली, अमेरिकेतील एमआयटी ह्या विद्यापीठात एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत दाखविली गेली, आणि प्रत्येकाची कागदपत्रे वेगळी राहावीत म्हणून पासवर्ड आला. म्हणजे पासवर्ड हा मुळात शेजारधर्म पाळण्यासाठी निघाला! पण गंमत अशी, की १९६२ साली तेथल्याच ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याने सर्वांच्या पासवर्डांची यादी यंत्राकडूनच छापून घेतली. कारण काय? आठवड्याला मिळणारे मोजके तास त्याला पुरत नव्हते. तो पैशाचा चोर नव्हता. त्याला दुसऱ्याचा वेळ हवा होता. सार्वजनिक यंत्रावर सर्वांत आधी चोरीस गेली ती दुसऱ्याची पाळी, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आपल्या महाराष्ट्रातही हा प्रयोग जुना आहे. कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ साली सुमारे सत्तर गावांत संगणक केंद्रे उभी करण्याची योजना सुरू झाली. उसाचे वजन किती भरले, बिल किती निघाले, हे शेतकऱ्याला आपल्या गावीच कळावे, हा तिचा हेतू. तेथे शेतकरी स्वतः कळा दाबीत नसे. केंद्रावरचा चालक त्याचा हिशेब पाहून सांगे. आजच्या सेवा केंद्रातही असेच चालते. आधार कार्ड, सातबारा, बँकेचे पासबुक, एवढेच काय, फोनवर आलेला ओटीपीसुद्धा आपण त्या काउंटरवरच्या तरुणाच्या हाती देतो. डॉक्टरला नाडी दाखवावी तसा हा विश्वास आहे. तो जपणे हा त्या तरुणाचा धर्म आहे. त्याने शहाणपणाने विश्वास ठेवणे हा आपला.

येथे मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका वाचनालयात मी संगणकावर बसण्यासाठी गेलो. खुर्ची रिकामी होती. पडद्यावर कोणा मुलीचा प्रवेश अर्ज उघडा होता. नाव, गुण, फोन क्रमांक, वडिलांचे उत्पन्न, सारे दिसत होते. ‘किती हा निष्काळजीपणा!’ असे मनाशी म्हणून, तिच्याच हितासाठी म्हणून, मी ते पान बंद केले आणि माझे काम सुरू केले. दहा मिनिटांनी ती मुलगी धापा टाकीत आली. ती समोरच्या दुकानात फोटो काढावयास गेली होती. अर्ज साठवलेला नव्हता. दीड तासाची मेहनत गेली होती, आणि तो शेवटचा दिवस होता. ती मला एक शब्द बोलली नाही. वयाने मी मोठा होतो ना! ते तिचे न बोलणे मला अद्याप बोचते. मी उठलो, ग्रंथपालांना विनंती केली, त्यांनी बंद होण्याच्या वेळेनंतरही दार उघडे ठेवले आणि अर्ज कसाबसा गेला. त्या संध्याकाळी मला समजले, की मी नियम पाळला होता, पण माणूस विचारात घेतला नव्हता. “येथे कोणी बसले आहे काय?” एवढे पाच शब्द मोठ्याने विचारले असते तर पुरे होते.

म्हणून मी जे नियम सांगणार आहे, ते नियमावली म्हणून घेऊ नका. प्रत्येकामागे उभा असलेला माणूस पाहा.

पहिला: उठण्यापूर्वी आपले खाते बंद करा, आणि उतरवून घेतलेले कागद यंत्रातून काढून टाका. आधार कार्डाची प्रत छापून झाली की ती कागदावर आली, पण यंत्राच्या ‘डाउनलोड्स’ ह्या कप्प्यातही राहिली. तेथून ती पुसा, आणि ‘रिसायकल बिन’ही रिकामा करा. ‘पासवर्ड लक्षात ठेवू काय?’ असे यंत्र विचारील, त्याला नाही म्हणा.

दुसरा: दुसऱ्याचे खाते उघडे दिसले तर वाचू नका, हाक द्या, वाट पाहा, मगच बंद करा. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६सी ह्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी आपण शेजाऱ्याचे पत्र फोडले असते काय?

तिसरा: वेळ पाळा. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. रंगनाथन ह्यांनी १९३१ साली जे पाच नियम मांडले, त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. सिनेमा पाहणाऱ्याने अर्ज भरणाऱ्याला जागा द्यावी, हे सांगण्यास पाटी लागू नये.

चौथा: आपला पेन ड्राइव्ह खिशातून काढून थेट यंत्रात खुपसू नका, आधी तो तपासून घ्या. एकाच्या पेन ड्राइव्हमधला विषाणू दिवसभरात येणाऱ्या प्रत्येकाच्या पेन ड्राइव्हमध्ये शिरतो. दूषित घागर विहिरीत बुडविण्यासारखेच ते आहे.

हे झाले यंत्राचे. परंतु यंत्राच्या आत ज्या सामायिक जागा आहेत, त्यांचे काय? मराठी विकिपीडियाचे उदाहरण घ्या. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, त्याचा आरंभ झाला. तेथे कोणीही लिहावे, कोणीही सुधारावे. तेथील चर्चेच्या जागेला आपल्या लोकांनी नाव दिले आहे ‘चावडी’. केवढे समर्पक नाव! प्रत्येक लेखाचा ‘इतिहास’ तेथे राहतो. कोणी केव्हा काय बदलले ते सर्वांना पाहता येते. मतभेद झाला तर चर्चापानावर बोलावे, पुरावा द्यावा, दुसऱ्याचे लिहिणे उगाच पुसू नये, अशी तेथील रीत आहे. आता हे पाहा: महाविद्यालयातील किंवा वाचनालयातील सर्व संगणक बाहेरच्या जगाला पुष्कळदा एकाच पत्त्याने दिसतात. एखाद्या टवाळ मुलाने तेथून लेखांत शिव्या लिहिल्या, आणि वारंवार लिहिल्या, तर तो पत्ताच काही काळ बंद होऊ शकतो. मग आपल्या गावावर चांगला लेख लिहावयास बसलेली शेजारची मुलगीही अडते. पारिजातकाची फुलेच तेवढी शेजारी पडतात असे नाही, काटेही पडतात.

आणि काही वेळा काट्यांवर भागत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आली आहे अशा अफवेपायी जमावाने पाच माणसांना ठार मारले. ती भिक्षेवर जगणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसे होती. पोटासाठी गावोगाव हिंडत होती. त्या दिवसांत ही अफवा व्हॉट्सॲपवरून फोनोफोनी फिरत होती. पुढे ढकलणाऱ्यांतील बहुतेकांचा हेतू वाईट नसेल. ‘सावध केलेले बरे’ असेच त्यांना वाटले असेल. ज्या जागी दोनशे माणसे एकत्र वाचतात, तेथे आपण घरात नसतो, चावडीवर असतो. चावडीवर आरोळी ठोकण्यापूर्वी खात्री करणे हे शहाण्याचे लक्षण आहे.

कोणी म्हणेल, ह्यासाठी सरकारने कडक नियम करावेत. केलेले आहेत. २०११ सालच्या सायबर कॅफेविषयक नियमांनी ग्राहकाची ओळख पटविणे, नोंदवही किमान एक वर्ष जपणे बंधनकारक केले. बसण्याच्या कप्प्यांची भिंत साडेचार फुटांहून उंच नसावी, इतके बारकावे त्यांत आहेत. ह्या नियमांचा उपयोग नाही असे मी म्हणत नाही. परंतु साडेचार फुटांच्या भिंतीवरून पडदा दिसतो, मन दिसत नाही. शिवाय पाळत वाढली की सर्वांत आधी कोण दूर होतो? दंगा करणारा नव्हे, भित्रा, नवखा माणूस. पहिल्यांदाच माऊस हाती धरणारी साठ वर्षांची बाई ‘हे करू नये, ते करू नये’ अशी दहा कलमांची पाटी पाहून उंबऱ्यावरूनच परत जाते. म्हणजे पुन्हा कागदावर खुले, प्रत्यक्षात बंद!

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे. आपल्या वाचनालयात, समाजमंदिरात सामायिक संगणक असेल, किंवा उद्या येईल, तर त्याचे नियम वापरणाऱ्यांना एकत्र बसवून करा, सोप्या मराठीत लिहा, चारपाचच ठेवा, आणि प्रत्येकापुढे कारण लिहा. त्या पाटीच्या पहिल्या ओळीत निषेध नको, निमंत्रण असावे: ‘या, बसा, येत नसेल तर विचारा.’ आणि आठवड्यातून एक तास येथील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी नवख्यांच्या शेजारी बसावे. बसावे म्हणजे हातातला माऊस हिसकावून घेऊन स्वतः काम उरकू नये. त्यांच्या बोटांना वेळ द्यावा.

व्याख्यान संपल्यावर आपण उठाल, तेव्हा कोणी न सांगता खुर्च्या सरळ कराल, कारण उद्या येथे दुसरे श्रोते बसणार आहेत. ती आपल्या हाताची सवय आहे. संगणकापुढून उठताना तोच हात वापरावा, एवढेच मला सांगावयाचे होते.