काचेतील समुद्र

जबलपूर जिल्ह्यातील कुंडम हे हिरण नदीचे उगमस्थान. पाणी गोडे आणि समुद्र शेकडो मैल दूर. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले ते सागरतीरीच. कुंडमला मात्र सागरी जीव पाळावयाचे तर समुद्रही घडवावा लागणार. एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम सागरी क्षार मिसळावे. त्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियमही असावे लागते, म्हणून स्वयंपाकाचे मीठ चालत नाही.

पण एवढ्याने पात्र राहण्याजोगे होत नाही. माशांच्या कल्ल्यांतून विषारी अमोनिया सुटतो. त्याचे नायट्राइट आणि मग पुष्कळच सौम्य असे नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतू वाळूत व दगडांत वाढावयास साधारण महिना-दीड महिना लागतो. हौशी माणसाला एवढा धीर कोठला! बहुतेक मासे बळी पडतात ते या उतावळेपणाला.

मासा आपल्या रक्तातील क्षारांचे प्रमाण स्वतः राखतो, म्हणून थोडाफार फरक सोसतो. तारामाशाच्या अंगातील द्रव मात्र भोवतालच्या पाण्याइतकाच खारा असतो. त्याच्या भांड्यात नवे पाणी थेंबथेंब, तास-दोन तास सोडावे. मगच त्याला पात्रात न्यावे. लहान पात्रातले पाणी लवकर आटते. भर गोड्या पाण्याचीच घालावी. वाफ होते पाण्याची, मीठ तेथेच राहते.