वर्ग कोणाच्या ओसरीवर?

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



शताब्दीच्या मांडवात उभे राहिले की पूर्वसूरींचे स्मरण करावे, चार गौरवाचे शब्द बोलावेत आणि बसावे, असा प्रघात आहे. आज त्या प्रघाताला थोडी मुरड घालण्याची अनुज्ञा मी मागतो. कारण आपल्या कार्यकारी मंडळापुढे सध्या एक प्रश्न आहे.

आपल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत संध्याकाळी प्रौढांसाठी मराठीचा वर्ग भरतो, हे आपण सर्व जाणताच. घरी मराठी बोलणारे, पण सारे शिक्षण गुजरातीतून झाल्यामुळे बाळबोध लिपीशी सलगी नसलेले गृहस्थ, लग्न होऊन मराठी घरांत आलेल्या गुजराती सुना, नातवंडांना गोष्टी वाचून दाखवाव्यात अशी हौस बाळगणाऱ्या आज्या, अशी तेथील मंडळी. हा वर्ग शहरातील एका महाविद्यालयाकडे सोपवावा, अशी सूचना आली आहे. तेथे प्रशस्त खोल्या आहेत, संगणक आहेत, वेतन घेणारे शिक्षक आहेत आणि शेवटी प्रमाणपत्रही मिळेल. सूचना करणाऱ्यांच्या सद्भावनेविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तरीही होकार देण्यापूर्वी, असे स्थलांतर जेथे फार मोठ्या प्रमाणावर योजले गेले, तेथे काय घडले हे पाहणे इष्ट ठरेल. त्यासाठी मी आपल्याला थोडा वेळ दूर, अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात घेऊन जाणार आहे.

आपल्याकडे १८५५ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. योगायोग असा की, पुढच्याच वर्षी, म्हणजे १८५६ साली, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या शिक्षण मंडळाने प्रौढांसाठी संध्याकाळचा वर्ग सुरू केला. तो भरला सेंट मेरी या चर्चच्या तळघरात. तेथे आरंभी शिकवणाऱ्यांत जॉन स्वेट हे होते. हेच गृहस्थ पुढे राज्याचे शिक्षणप्रमुख झाले. दोन्ही ठिकाणी गरज एकच होती. दिवसभर राबणाऱ्या माणसाला सूर्यास्तानंतर कोणीतरी दार उघडून बसवायला हवे होते.

पुढे कॅलिफोर्नियात प्रौढशिक्षणाला दोन घरे मिळाली. पहिले घर गावोगावच्या शाळांचे. दिवसा मुले शिकत आणि संध्याकाळी त्याच बाकांवर त्यांचे आईबाप बसत. इतकेच नव्हे, तर १९१५ च्या एका कायद्याने परदेशातून आलेल्या कुटुंबांच्या घरी जाऊन स्त्रियांना इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षिका नेमण्याची मुभा शाळांना मिळाली. दुसरे घर कम्युनिटी कॉलेजांचे. १९०७ च्या कायद्याने माध्यमिक शाळांना पुढील शिक्षणाचे वर्ग काढता येऊ लागले आणि १९१० साली फ्रेस्नो येथे त्या राज्यातील असे पहिले कॉलेज निघाले. १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने या संस्थांना ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ करून दिले. परिसरातील आबालवृद्धांचे ते विद्याकेंद्र व्हावे, ही त्यामागील कल्पना होती. परिणामी राज्यात एकसारखी व्यवस्था राहिली नाही. सॅन फ्रान्सिस्को आणि सॅन दिएगो येथे प्रौढांचे वर्ग मुख्यतः कॉलेजांकडे, तर लॉस एंजेलिससारख्या महानगरात ते प्राधान्याने शाळामंडळाकडे राहिले.

ही दोन घरे कित्येक दशके शेजारी शेजारी नांदली. संकट आले ते २००९ साली. आर्थिक मंदीने राज्याची तिजोरी आटली होती. तोपर्यंत शाळांना प्रौढशिक्षणासाठी मिळणारा सुमारे ६३.५ कोटी डॉलरचा निधी त्याच कामावर खर्च करण्याचे बंधन होते. ते बंधन त्या वर्षी काढून टाकण्यात आले. शाळामंडळांपुढे एका बाजूला मुलांचे शिक्षक घरी बसण्याची वेळ होती आणि दुसऱ्या बाजूला संध्याकाळचे वर्ग. त्यांनी काय केले असेल, हे सांगायला नको. काही वर्षांतच शाळांचा प्रौढशिक्षणावरील खर्च निम्म्याहून खाली आला. २०१२ साली तर लॉस एंजेलिसच्या शाळामंडळापुढे आपला संपूर्ण प्रौढशिक्षण विभाग बंद करण्याचा प्रस्ताव होता.

या पार्श्वभूमीवर जानेवारी २०१३ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी अंदाजपत्रकात एक योजना मांडली. शाळांचा प्रौढशिक्षणाशी असलेला आर्थिक संबंध संपवावा, ३० कोटी डॉलर कम्युनिटी कॉलेजांना द्यावेत आणि हे सारे काम त्यांच्याकडे सोपवावे, अशी ती होती.

या योजनेच्या बाजूने बरेच सांगण्यासारखे होते आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. शाळेचे पहिले कर्तव्य मुलांशी. टंचाई आली की प्रौढ विद्यार्थी तेथे पाहुणा ठरतो, हे नुकतेच सिद्ध झाले होते. उलट कॉलेज हे मोठ्या माणसांचेच घर. अक्षरओळखीपासून व्यवसायशिक्षणापर्यंतचा जिना एकाच इमारतीत असला, तर माणूस मधल्या पायरीवर थांबत नाही. वॉशिंग्टन राज्याने १९९१ सालीच प्रौढांचे मूलभूत शिक्षण कम्युनिटी कॉलेजांच्या मंडळाकडे दिले होते. २००४ च्या सुमारास तेथे एक सुंदर प्रयोग सुरू झाला. एकाच वर्गात दोन शिक्षक उभे राहतात. एक परिचारिकेचे किंवा वाहनदुरुस्तीचे काम शिकवतो आणि दुसरा त्या कामापुरते इंग्रजी व गणित. पुढील अभ्यासांत असे दिसले की, या वर्गांतील विद्यार्थी केवळ भाषेचा वर्ग करणाऱ्यांपेक्षा कॉलेजच्या शिक्षणात अधिक पुढे जातात. कॉलेजच्या छताखाली आल्यावाचून हे साधणे कठीण होते.

तरीही कॅलिफोर्नियात विरोध झाला, तोही शिक्षक आणि विद्यार्थी या दोघांकडून. आक्षेप तीन प्रकारचे होते.

पहिला अंतराचा. प्रौढांची शाळा बहुधा वस्तीत, चालत जाण्याच्या टप्प्यात. आई ज्या इमारतीत मुलाला सोडते, तिथेच किंवा शेजारी ती स्वतः शिकते. कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला असू शकते. दोन बस बदलून, स्वयंपाक आटोपून, रात्री परतायचे म्हटले की शिकण्याची इच्छा कितीही प्रबळ असली तरी पाय मागे येतात.

दुसरा उंबरठ्याचा. शाळा अर्ध्यावर सोडलेल्या माणसाला ‘कॉलेज’ या शब्दाचाच धाक वाटतो. प्रवेशअर्ज, चाचणी, ओळखपत्र, वेळापत्रक या साऱ्यातून जाण्यासाठी जी भाषा यावी लागते, तीच शिकायला तर तो आलेला असतो.

तिसरा आक्षेप अग्रक्रमाचा. त्याच काळात कॉलेजांवरही पदवी, व्यवसायशिक्षण आणि विद्यापीठप्रवेश यांवर लक्ष केंद्रित करण्याचे दडपण होते. मोजता येईल असे फळ ज्या वर्गाला येत नाही, तो मागे पडणार, ही भीती निराधार नव्हती. नव्या व्यवस्थेत सरकारी पैसा इंग्रजी, साक्षरता, माध्यमिक शिक्षण, नागरिकत्व आणि व्यवसाय अशा ठराविक विषयांपुरता ठेवावा, असाच विचार होता. केवळ आनंदासाठी शिकणाऱ्या ज्येष्ठांचे वर्ग त्या यादीबाहेर राहत होते.

शिवाय कॉलेजचे घर तरी अभंग कोठे असते? सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजचेच पाहा. या कॉलेजवर शहराच्या प्रौढशिक्षणाची भिस्त. २०१२ साली त्याच्या अधिमान्यतेवर गंडांतर आले आणि २०१३ साली ती काढून घेण्याचा निर्णयही जाहीर झाला. तो अखेर अमलात आला नाही आणि जानेवारी २०१७ मध्ये मान्यता पूर्ववत झाली; परंतु मधल्या काळात हजारो विद्यार्थी गळाले. सारी अंडी एकाच टोपलीत ठेवण्याचा धोका काय असतो, तो त्या शहराने अनुभवला.

अखेर विधिमंडळाने गव्हर्नरांची योजना त्या रूपात स्वीकारली नाही. स्थलांतराऐवजी सहकार्याचा मार्ग निघाला. शाळामंडळांनी आणि कॉलेजांनी आपापल्या भागात एकत्र बसून गरजांचा आढावा घ्यावा, यासाठी २०१३ साली अडीच कोटी डॉलर देण्यात आले. आणि शाळांनी दोन वर्षे आपला प्रौढशिक्षणाचा खर्च खाली येऊ देऊ नये, अशी अट घालण्यात आली. त्यातून राज्यभर सुमारे सत्तर प्रादेशिक संघ उभे राहिले. २०१५ साली त्यांच्यासाठी ५० कोटी डॉलरचा स्वतंत्र निधी मंजूर झाला. हा निधी प्रौढशिक्षणावरच खर्च व्हावा, हे पुन्हा कायद्याने बांधून दिले. वर्ग जेथे होते तेथे राहू शकले आणि पुढच्या पायरीची वाट कॉलेजकडे वळवता आली.

या हकिगतीतून मी एवढाच बोध घेतो की, वर्ग शाळेचा की कॉलेजचा, या प्रश्नापेक्षा दोन गोष्टी मोलाच्या. विद्यार्थ्याला तेथे संकोचावाचून पोचता येते का. आणि वर्गाचा पैसा दुसऱ्या कामाकडे वळणार नाही, याची हमी आहे का. २००९ साली कायद्यातले एक कलम सुटले आणि दीडशे वर्षांचे काम कोलमडू लागले, हे विसरून चालणार नाही.

आता बडोद्याकडे परत येऊ. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, याचा आपण अभिमान बाळगतो. परंतु शाळेत मिळवलेले अक्षर पुढे वाचायला काही नसेल तर पुसून जाते, हेही महाराजांनी ओळखले. म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथालयतज्ज्ञास येथे पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. पण काम तेवढ्यावर थांबले नाही. गावोगावी ग्रंथालये निघाली आणि पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेड्यांकडे रवाना होऊ लागल्या. खेडुताने राजधानीत यावे, अशी अपेक्षा महाराजांनी धरली नाही. त्यांनी पुस्तक त्याच्या दारी धाडले. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेकडून घेतलेली विद्या आणि आज तिकडून येणारा अनुभव, दोन्ही एकच गोष्ट सांगतात.

आपल्या वर्गात मी काही वर्षे शिकवले आहे. म्हणून एक आठवण सांगतो. गिरणीतून निवृत्त झालेले एक काका वर्गाला येत. गुजराती वर्तमानपत्र ते अस्खलित वाचत. पण त्या लिपीला शिरोरेषा नाही, त्यामुळे मराठी पुस्तक उघडले की डोळे पहिल्याच ओळीवर अडखळत. हे काका नेहमी हातात भाजीची पिशवी घेऊन येत. एकदा मी सहज विचारले, तेव्हा म्हणाले, “मास्तर, साठी उलटल्यावर स्वतःची भाषा शिकायला निघालो, हे गल्लीत कसं सांगू? पिशवी दिसली की कुणी विचारत नाही. आणि तुमच्या दारात शिरलो तरी लोकांना वाटतं, पेपर वाचायला गेला असेल.”

या दुसऱ्या वाक्यात वाचनालयाचे सारे सामर्थ्य आहे. येथे कोण वाचायला आला, कोण शिकायला आला आणि कोण नुसता पंख्याखाली बसायला आला, हे दारावर कोणी विचारत नाही. महाविद्यालयाच्या फाटकावर ते विचारावेच लागते. त्यात त्यांचा दोष नाही. मग त्या काकांनी तेथे काय सांगितले असते? प्रमाणपत्राचा मोह त्यांना नव्हता. मराठी शिकून बडोद्यात त्यांना नोकरीही मिळवायची नव्हती. फळ मोजणाऱ्या कोणत्याही यादीत त्यांचा वर्ग बसला नसता.

तेव्हा कार्यकारी मंडळाला माझी नम्र विनंती अशी. महाविद्यालयाचा हात झिडकारू नये. तो आदराने धरावा. त्यांचे शिक्षक आठवड्यातून एक दिवस येथे यावेत. ज्या तरुण सुनांना परीक्षा द्यायची आहे, प्रमाणपत्र हवे आहे, त्यांच्यासाठी तेथील दार उघडे असावे. पण वर्ग याच खोलीत भरावा, नावनोंदणी आपल्याच टेबलावर व्हावी आणि वर्गासाठी देणगीदारांनी दिलेली रक्कम वेगळ्या खात्यात राहावी. छपराची दुरुस्ती निघाली तरी तिला हात लागू नये. आणि हे सारे लेखी असावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही प्रौढशिक्षणासाठी शाळांच्या इमारती संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी वापराव्यात, सार्वजनिक ग्रंथालयांची जागा वापरावी, असे म्हटले आहे. म्हणजे आपण काही जगावेगळे मागत नाही.

आपल्या पूर्वजांनी ही वास्तू उभारली, तेव्हा मागची ती खोली कशासाठी ठेवली होती, मला ठाऊक नाही. कदाचित अडगळीसाठीही असेल. परंतु आज संध्याकाळी तेथे दिवा लागतो आणि साठीतला माणूस शिरोरेषेखाली बोट ठेवून वाचू लागतो. तो दिवा तेथेच तेवत राहावा, एवढी इच्छा व्यक्त करतो.